त्यागाची वसुली

कुमारवयातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने आयुष्य संपवल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन निवाडे लगेच तयार असतात. पहिला असा की आईबाप फार कडक होते, त्यांनी अभ्यासाचा धोशा लावला. दुसरा असा की आजची लेकरेच नाजूक निघाली. आमच्या वेळी मास्तर फोकाने झोडायचे, घरी येऊन सांगितले तर बाप वरून दोन ठेवून द्यायचा, आणि तरी आम्ही तग धरलाच. हे दोन्ही निवाडे बसस्टँडवरच्या चहाच्या गाड्यापासून संस्थाचालकांच्या भाषणांपर्यंत सारख्याच खात्रीने दिले जातात. दोहोंच्या मुळाशी असलेली समजूत मात्र एकच आहे, ती म्हणजे पालकत्वाचा सगळा प्रश्न कडक राहावे की सैल सोडावे एवढ्यापुरताच आहे. मला ही मांडणीच चुकीची वाटते. निदान मराठवाड्यापुरते तरी माझे म्हणणे असे आहे की, घरातल्या शिस्तीपेक्षा घरात चाललेली त्यागाची वसुली मुलांच्या मनाला जास्त जाच करते, आणि ही वसुली बहुतेक वेळा अत्यंत प्रेमळ, कष्टाळू, आवाजही न चढवणाऱ्या आईवडिलांकडून होत असते.

प्रश्न किती मोठा आहे, याबद्दल फार वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १० ते १९ या वयोगटातल्या दर सात जणांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास आढळले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि राज्यवार यादीत महाराष्ट्र पहिला होता. घराघरांतली जी घुसमट या टोकापर्यंत जात नाही, तिची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. आणि संख्येने तीच जास्त असणार, हे सांगायला अहवालाची गरज नाही.

पालकांच्या वागण्याचा शास्त्रीय अभ्यास कोठून सुरू झाला, हे थोडे पाहायला हवे, कारण ‘कडक की सैल’ ही मांडणी त्या अभ्यासाने फार पूर्वीच मोडीत काढली आहे. अमेरिकेतल्या बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात मुले आणि त्यांची घरे यांचे बारकाईने निरीक्षण करून पालकत्वाच्या तीन शैली सांगितल्या. १९८३मध्ये एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्याच मांडणीला दोन निकषांवर बसवले. पालक मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात, हा एक निकष. आणि मुलाच्या गरजांना, मतांना, भावनांना किती प्रतिसाद देतात, हा दुसरा. अपेक्षा खूप आणि प्रतिसाद नाही, ती हुकमी शैली. प्रतिसाद खूप आणि अपेक्षा नाही, ती लाडावून ठेवणारी शैली. दोन्ही नाही, ती दुर्लक्षाची. आणि दोन्ही आहे, म्हणजे नियम ठाम आहेत पण नियमामागचे कारण सांगितले जाते, मुलाचे म्हणणे ऐकले जाते, ती चौथी. पुढच्या अनेक दशकांच्या संशोधनात या चौथ्या प्रकारच्या घरांतली मुले सर्वसाधारणपणे अधिक स्थिर आणि कमी खिन्न आढळली आहेत. यातली महत्त्वाची गोष्ट ही की शिस्त आणि माया एकाच काट्याच्या दोन टोकांना बसवलेली नाहीत. एक वाढवण्यासाठी दुसरी कमी करावी लागत नाही. ‘लाड केले तर डोक्यावर बसतील’ ही भीती आणि ‘रागावलो तर काही करून घेतील’ ही त्याहून नवी भीती, या दोहोंच्या मध्ये आज जो पालक गोंधळून उभा आहे, त्याला एवढी एक गोष्ट कळली तरी पुष्कळ झाले.

हे चौकोन जसेच्या तसे आपल्या घरांना लावता येत नाहीत, हेही खरे. रूथ चाओ या संशोधिकेने १९९४मध्ये अमेरिकेतल्या चिनी कुटुंबांविषयी लिहिताना दाखवून दिले की, बाहेरच्याला निव्वळ हुकमी वाटणारी शिस्त त्या घरांत काळजीचे, जबाबदारीचे रूप मानली जाते आणि मुलेही तिचा तसाच अर्थ लावतात. आपल्याकडच्या बापाच्या धाकाचे असेच आहे. चार शब्दांच्या वर न बोलणारा, पोराला कधी जवळ न घेणारा, पण पाऊस असो की ऊन, आठवड्याला डबा आणि तुपाची बरणी घेऊन लाल एसटीने लातूरला येणारा बाप मुलाला परका वाटत नाही. त्याचा धाक असतो, पण त्या धाकाखाली आधारही असतो. म्हणूनच कडकपणाला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला पटत नाही.

मग जाच कशाचा होतो? इथे मला ब्रायन बार्बर या संशोधकाने १९९०च्या दशकात केलेला एक भेद सर्वांत उपयोगाचा वाटतो. पालक दोन वेगळ्या गोष्टींवर ताबा ठेवतात, असे ते म्हणतात: एक मुलाच्या वागण्यावर आणि दुसरी मुलाच्या मनावर. रात्री दहानंतर मोबाईल बंद, गाडी परवान्याशिवाय नाही, कोणाबरोबर जातोस ते सांगून जा, हा वागण्यावरचा ताबा. तो वाजवी असेल तर कुमारवयात त्याचा फायदाच होतो. व्यसने, मारामाऱ्या, बेफिकिरी यांपासून तो मुलांना बऱ्यापैकी दूर ठेवतो. मनावरचा ताबा निराळा असतो. अपराधी वाटायला लावणे, मनासारखे झाले नाही की अबोला धरणे, इतरांशी तुलना करून लाज आणणे, प्रेम आखडते घेणे ही त्याची हत्यारे. बार्बर आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांना मुलांच्या खिन्नतेशी आणि चिंतेशी सातत्याने जोडलेला आढळला, तो हा दुसरा ताबा.

मराठवाड्यात या ताब्याला एक खास रूप आले आहे आणि ते आपल्या आर्थिक इतिहासातून आले आहे. कोरडवाहू शेती, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, वाटण्या होत होत एकरांवर आलेली जमीन, आणि २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले लातूर शहर. अशा भागात शिक्षण हा एकच बाहेर पडायचा रस्ता आहे, असे आईबापांना वाटले तर त्यात गैर काय? शिवाय हा रस्ता चालून गेलेली माणसे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. लातूरच्या महाविद्यालयांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आपली मुले वर्षानुवर्षे झळकवली, ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला, आणि खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली. हे यश खोटे नाही. ज्यांना पुण्या-मुंबईत बसून या पॅटर्नला नावे ठेवणे सोपे जाते, त्यांना पर्यायांची रेलचेल असते, हे इथल्या पालकाला चांगले माहीत आहे. म्हणून तो पीककर्जाच्या पैशातून, प्रसंगी एकर-दीड एकर विकून, बायकोचे डोरले गहाण ठेवून मुलाला लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडला क्लास लावतो, रूम करून देतो, मेस लावतो. हा त्याग खरा आहे आणि मोठा आहे. अडचण सुरू होते ती या त्यागाचे खाते मुलाच्या नावावर उघडले जाते तेव्हा.

रविवारी टेस्ट होते, संध्याकाळपर्यंत गुण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात, आणि मग फोन येतो. संवाद बहुतेक घरांत एकाच वळणाचा असतो.

“झाली का टेस्ट? किती पडले?”

“चारशे दहा.”

“मागल्या टायमाला चारशे साठ होते की रे.”

“पेपर अवघड होता, पप्पा. फिजिक्स.”

“मग बाकीच्यायला कसे पडले?”

पलीकडून काही उत्तर येत नाही. मग आवाज आणखी खाली येतो. “हे बघ लेकरा, मी तुला काही म्हणत नाही. फक्त तुह्या आईनं कानातलं गहाण ठिवलंय, एवढं ध्यानात ठेव. बरं, जेवलास का?”

या संवादात कुठेही शिवी नाही, मार नाही, धमकी नाही. कोणत्याही मोजपट्टीने हा बाप कडक ठरणार नाही. त्याच्या बोलण्यात काठोकाठ माया आहे आणि ती जेवणाच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचलीही आहे. तरीही त्या रात्री मुलाच्या डोक्यात फिजिक्सचा पेपर राहत नाही, आईचे कान राहतात. पन्नास गुण कमी पडणे ही अभ्यासातली एक साधी, दुरुस्त करता येण्यासारखी घटना होती. कोणता धडा कच्चा आहे, वेळ कुठे गेला, झोप किती झाली, असे प्रश्न विचारून तिचा उलगडा करता आला असता. आता तिचा आईशी केलेला द्रोह झाला आहे. द्रोहाचा उलगडा करता येत नाही, त्याची फक्त लाज वाटते. आणि लाज वाटणारा मुलगा शिक्षकाला शंका विचारायला जात नाही, मित्राजवळ बोलत नाही, पुढच्या रविवारी फोन उचलायचे टाळतो.

ही पद्धत टिकून राहते कारण वरवर पाहता ती चालते. इस्रायलमधले आवी असोर आणि गाय रॉथ यांनी अमेरिकेतले एडवर्ड डेसी यांच्यासोबत २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट तपासली होती. अपेक्षेप्रमाणे वागले तर जास्त प्रेम आणि नाही वागले तर कमी, असा ज्यांना आईवडिलांचा अनुभव होता, ती मुले अपेक्षेप्रमाणे वागत होती खरी, पण आतून येणाऱ्या एका सक्तीने. यशाचे समाधान त्यांना थोडाच वेळ टिकत होते, आणि आईवडिलांविषयी मनात चीड साठत होती. म्हणजे बापाला परिणाम दिसतो तो हा की फोन केल्यावर पोरगा रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करतो. किंमत त्याला दिसत नाही. १३ ते १८ या वयात आठ ते दहा तास झोप लागते असे वैद्यक सांगते. सकाळच्या क्लासपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंतच्या वेळापत्रकात त्यातली सहा मिळाली तरी पुष्कळ. अपुरी झोप, अपराधी मन आणि समोर पुढचा रविवार, या तिन्हींनी मिळून जे होते त्याला घरचे लोक ‘हल्ली फार चिडचिड करायलाय’ एवढेच म्हणतात. कुमारवयात नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. घरची परिस्थिती मुलांपासून लपवून ठेवायची का? मुलांना कष्टाची जाणीव नको का? जाणीव हवी आणि लपवाछपवी तर मुळीच नको. शेतकऱ्याच्या मुलाला घरची परिस्थिती सांगावीही लागत नाही. आडतीवरून बाप कोणत्या चेहऱ्याने परत आला, यावरून त्याला सगळे कळते. प्रश्न सांगण्याचा नाही, कधी आणि कशासाठी सांगितले जाते याचा आहे. क्लासची फी भरण्याआधी मुलाला शेजारी बसवून ‘इतके पैसे आहेत, इतके काढावे लागतील, असे फेडू’ असे सांगणे म्हणजे त्याला घरातला कर्ता भागीदार मानणे आहे. तेच वाक्य टेस्टचे गुण आल्यावर उच्चारले की तगादा होतो. सावकाराच्या तगाद्याने बापाची झोप कशी उडते, हे ज्या भागात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, त्याच भागात पोराच्या झोपेबद्दल आपण इतके बेफिकीर असावे, याचे मला फार नवल वाटते.

शिवाय या कर्जाच्या परतफेडीची शक्यता किती आहे, तेही एकदा मांडून पाहावे. २०२४मध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून जास्त विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या सगळ्या मिळून जागा सव्वा लाखाहूनही कमी होत्या आणि त्यांतल्या परवडणाऱ्या, म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या, जागा साधारण निम्म्या. याचा अर्थ सगळ्यांनी जीव तोडून अभ्यास केला तरी वीसपैकी एकोणीस जणांना जागा मिळणार नाही. हे आकडे कोणाच्या आळसावर ठरलेले नाहीत. ज्या स्पर्धेत बहुसंख्यांचे अपयश आधीच ठरलेले आहे, त्या स्पर्धेच्या निकालाला आईच्या दागिन्याची, बापाच्या गावातल्या मानाची आणि घरातल्या प्रेमाची गाठ मारून ठेवणे हे क्रूर आहे. ते करणारी माणसे क्रूर नसली तरीही.

दुसरी एक समजूत अशी की मुलावर बारीक नजर ठेवली की तो सुरक्षित राहतो. आता तर साधनेही भरपूर आहेत. अभ्यासिकेत सीसीटीव्ही आहे, क्लासच्या दारात अंगठा लावला की घरी मेसेज जातो, मोबाईलचे लोकेशन बापाच्या हातात आहे. स्वीडनमध्ये काम करणारे हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २०००मध्ये या समजुतीला धक्का दिला. ज्या पालकांना मुलांबद्दल चांगली माहिती असते त्यांची मुले कमी भरकटतात, हे आधीच्या अभ्यासांत दिसले होते आणि त्यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला होता की पाळत उपयोगी असते. या दोघांनी पुढचा प्रश्न विचारला, की ती माहिती पालकांना मिळते कोठून? उत्तर आले, मुख्यतः मुले स्वतःहून सांगतात म्हणून. चौकशा आणि निर्बंध यांचा त्यात वाटा फार थोडा होता. आता मूल स्वतःहून केव्हा सांगेल? मागच्या वेळी सांगितले तेव्हा काय झाले होते, यावर ते अवलंबून आहे. ‘मला इथं करमत नाही’ असे एखाद्याने एकदा म्हटले आणि उत्तरात फीचा आकडा ऐकला, तर तो पुन्हा म्हणणार नाही. अंगठ्याचा मेसेज मात्र रोज वेळेवर घरी पोहोचत राहील.

इथवर मी मुख्यतः मुलग्यांविषयी आणि क्लास परवडणाऱ्या घरांविषयी बोललो. मराठवाडा एवढाच नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि चार-सहा महिन्यांनी परततात. मागे राहिलेली लेकरे आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर असतात. संशोधनाच्या चौकोनात या आईबापांना बसवायचे तर कदाचित ‘दुर्लक्षाच्या’ रकान्यात जातील, आणि तो त्यांच्यावर अन्याय होईल. फडात पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या आईला पालकत्वाची शैली निवडायला मिळालेलीच नाही. मुलीच्या बाबतीत तर तिची काळजीच मुलीवर उलटते. तरणी पोर मागे एकटी कशी ठेवायची, या धास्तीतून तिचे लग्न उरकले जाते. आणि ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जात असल्याने नवी जोडी म्हणजे नवी उचल, हेही त्यात असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. परभणीत ते ४८ टक्क्यांच्या आणि बीडमध्ये ४४ टक्क्यांच्या आसपास होते. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळा, मैत्रिणी आणि स्वतःचे घर एकदम सुटणे याचा त्या मुलीच्या मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ विचारला जात नाही. तिच्या बाबतीत ताण हा शब्दसुद्धा कोणी वापरत नाही. ज्यांची लग्ने झाली नाहीत त्या मुलींवरही मोबाईल, मैत्री, कपडे, घरी यायची वेळ या सगळ्यांबाबत जी बंधने असतात, ती भावांवर नसतात. आणि कारण विचारले तर ‘आपल्या घराचं नाव’ एवढेच उत्तर मिळते. नाव राखण्याची ही जबाबदारी म्हणजे वसुलीचाच दुसरा प्रकार आहे, फक्त इथे कर्ज पैशाचे नसून अब्रूचे असते.

आता विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पालकांच्या वागण्याचा मुलांच्या मानसिक आरोग्यावर किती परिणाम होतो, याचा ताळेबंद ब्रायस मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडला. मुलांमधल्या नैराश्याच्या फरकांपैकी सुमारे ८ टक्के आणि चिंतेच्या फरकांपैकी सुमारे ४ टक्के भागाचाच संबंध पालकत्वाशी लावता आला. बाकीचा भाग आनुवंशिकता, स्वभाव, शाळा, सवंगडी, गरिबी, जातीवरून होणारा अपमान, आजारपण अशा कितीतरी गोष्टींत वाटलेला आहे. शिवाय परिणाम एकाच दिशेने होत नाही. आधीच खिन्न किंवा चिडखोर झालेले मूल आईवडिलांचेही वागणे बदलवते. म्हणून ज्या घरावर संकट आले त्या घरातल्या आईबापांना ‘तुम्हीच केलेत’ म्हणणे हे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. पण हा आकडा वाचून मी हात झटकायला तयार नाही. आनुवंशिकता आपल्याला बदलता येत नाही, पाऊस पाडता येत नाही, मेडिकलच्या जागा एका वर्षात दुप्पट होत नाहीत. रविवारच्या फोनवरचे पहिले वाक्य मात्र आजच बदलता येते आणि त्याला एक रुपयाही पडत नाही. त्याच अभ्यासांत आणखी एक बारकावा आहे: नैराश्याशी जास्त नाते आढळले ते पालकांनी झिडकारण्याचे, आणि चिंतेशी जास्त नाते आढळले ते अति ताब्याचे. आपल्याकडची वसुली एकाच वाक्यात या दोन्ही गोष्टी करते.

‘आम्ही मार खाऊन घडलो’ या युक्तिवादाला फार वेळ देण्याची गरज नाही. जे घडले नाहीत ते हे सांगायला पुढे येत नाहीत. आणि त्या पिढीला दहावीत नापास झाले तर शेताकडे, दुकानाकडे, मामाकडे जाण्याची मोकळीक होती. दर आठवड्याला ग्रुपवर रँक झळकत नव्हती.

सार्वजनिक पातळीवर काय करता येईल, याबाबत नियम कमी पडत आहेत असे नाही. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये आणि चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत असे म्हटले आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये जे निर्देश दिले, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि चारचौघांत अपमान करणे टाळावे, आणि पालकांचेही प्रबोधन करावे असे आहे. प्रत्यक्षात आठवीपासूनच्या ‘फाउंडेशन’ तुकड्यांचे फलक चौकाचौकांत आहेत आणि रँकनुसार बॅच हीच जाहिरात आहे. जिल्हा प्रशासनाने यातली एकच गोष्ट आधी धरावी असे मला वाटते: गुणांची यादी ग्रुपवर टाकणे बंद करावे. गुण ज्याचे त्याला आणि फार तर त्याच्या घरी कळावेत. तुलनेचे साहित्यच पुरवले नाही, तर निम्मी वसुली तिथेच थांबेल.

पालकांपर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा पेच आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला चार माणसे येतात आणि विषय पोषण आहाराच्या पुढे जात नाही. मला यासाठी अखंड हरिनाम सप्ताह हे ठिकाण फार मोलाचे वाटते. गावातले आईबाप, आजी-आजोबा एकाच मांडवात एवढा वेळ शांत बसतात ते दुसरीकडे कोठेही नाही. सध्या तिथल्या कीर्तनांत तरुण पिढी मोबाईलने बिघडल्याचे आणि मुली हाताबाहेर गेल्याचे वर्णन हशा-टाळ्या घेऊन जाते. तोच माणूस, तीच वीणा, तोच मांडव वापरून पोराला गुणांआधी जेवण विचारा, असे कोणी सांगितले तर ते समुपदेशकाच्या दहा भित्तिपत्रकांपेक्षा खोल जाईल. मराठवाड्यातल्या एकदोन महाराजांनी जरी हे मनावर घेतले तरी मला समाधान वाटेल.

आणि जिथे घरातले बोलणे पुरेसे नाही, तिथे उपचार हवेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास किंवा चिडचिडे राहिले, आवडत्या गोष्टींतून मन उडाले, झोप-जेवण बिघडले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर बाहेरचे काही लागले असे समजून महिने घालवू नयेत. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथे मानसोपचार विभाग आहेत. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून दिवसरात्र चालू आहे आणि त्यावर मराठीतून बोलता येते. जीव देण्याचे बोलणाऱ्या मुलाला थेट, न घाबरता तसे विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात नव्याने शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते.

घरापुरते म्हणाल तर एक गोष्ट वेळेत करायची असते. नीटचे अर्ज साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात, परीक्षा मेमध्ये होते आणि निकाल जूनमध्ये लागतो. नंबर लागला नाही तर पुढे काय, हे बहुतेक घरांत निकालाच्या संध्याकाळी पहिल्यांदा बोलले जाते, तेव्हा नातेवाईक फोनवर असतात आणि सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात. मग दुसऱ्या दिवशी रिपीटर बॅचची फी भरली जाते आणि खाते एका वर्षाने वाढते. हे बोलणे अर्ज भरायच्या दिवशीच व्हावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाखालची बीएस्सी ॲग्री, फार्मसी, नर्सिंग, साधी बीएस्सी किंवा आयटीआय, यांपैकी कशाला घर तयार आहे, रिपीट करायचे तर एकदाच की दोनदा, आणि त्यासाठी पैसा कोठून येईल, हे आईवडिलांनी मुलाच्या समोर, त्याचे मत विचारून ठरवावे. शक्य तर कागदावर लिहून ठेवावे. आणि आईचे कानातले सोडवायची जबाबदारी कोणाची, तेही त्याच कागदावर स्पष्ट लिहावे: ती बापाची आहे.